तळ्याकाठी कॅमेरा घेऊन



छायाचित्रणाच्या छंदाने आपली परिभाषा शिकाऱ्याकडून उसनी घेतली आहे. आम्ही नेम धरतो, दबा धरून बसतो, सावजाची वाट पाहतो. आणि घरी परतल्यावर मंडळी विचारतात तेही 'आज काय मिळालं?' असेच. ही भाषा उगाच आलेली नाही. बंदूक आणि कॅमेरा यांचे नाते फार जुने आहे. इंग्लंडमध्ये १८९२ साली रिचर्ड आणि चेरी केर्टन या बंधूंनी पक्ष्याच्या घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले, आणि पुढे पक्ष्यांना बुजू न देता जवळ जाता यावे म्हणून त्यांनी चक्क एक पोकळ बैल तयार केला. बैलाचे कातडे सांगाड्यावर ताणायचे, आत माणसाने कॅमेऱ्यासह दडायचे आणि भोकातून भिंग रोखायचे. बैलपोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना गमतीची वाटेल. परंतु त्या बैलाच्या पोटात तासन्‌तास उकडून घेणाऱ्या माणसाची चिकाटी हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. आपल्याकडे संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात वाघांची रात्रीची छायाचित्रे दिली. ती त्यांनी जंगलवाटेवर तार बांधून घेतली होती. वाघाचा पाय तारेला लागे, प्रकाशाचा लोळ उठे, आणि वाघ स्वतःच स्वतःचे चित्र काढून निघून जाई. ज्या काळी वाघ पाहणे म्हणजे वाघ मारणे असा सरळ हिशेब होता, त्या काळी हा मनुष्य वाघाला जिवंत ठेवून त्याचा मुखवटा तेवढा घरी नेत होता.

मी असा कोणी मोठा छायाचित्रकार नाही. आठवड्याचे सहा दिवस कार्यालयातील दिव्यांच्या उजेडात काढायचे आणि सातव्या दिवशी सूर्याच्या उजेडात बाहेर पडायचे, एवढाच माझा अधिकार. माझे बिऱ्हाड बंगळूर शहरात, कोरमंगला या वस्तीत आहे. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे आमच्या आसपास पुष्कळ आहेत. तसे पाहिले तर बंगळूरशी आपला संबंध नोकरीपुरता नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे ठाणे घेतले आणि शहाजीराजांना ते जहागिरीत मिळाले, हे आपण शाळेत शिकलेले असतो. परंतु शहाजीराजांच्या बंगळुरात आणि माझ्या बंगळुरात एक गोष्ट समान असायला हवी होती, आणि तीच आता अर्धीमुर्धी उरली आहे. ती गोष्ट म्हणजे तळी. तिच्याकडे मी पुढे वळेनच.

प्रथम हे सांगायला हवे, की कॅमेरा घेऊन रानात हिंडण्याच्या छंदाला या शहराने एक कुळाचार मिळवून दिला आहे. ओ. सी. एडवर्ड्‌स या जाणत्या छायाचित्रकाराच्या हाताखाली टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारखा शिष्य येथे तयार झाला. पेरुमाळ १९३२ साली जन्मले आणि २०१७ साली गेले. मधल्या दीर्घ काळात भारतातील निसर्गछायाचित्रणात त्यांनी जे काम केले, आणि आपल्यामागून येणाऱ्या किती तरी तरुणांना जे शिकवले, त्याची ओळख या क्षेत्रातील प्रत्येकाला आहे. ई. हनुमंतराव हे याच शहरातील दुसरे मोठे नाव. आणि तिसरे नाव तर आपल्या घरचेच म्हणावे असे आहे. बळ्ळारी भागातील सोंडूर या छोट्या संस्थानावर मराठ्यांच्या इतिहासात गाजलेल्या घोरपडे घराण्याच्या एका शाखेचे राज्य होते. त्या घराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे हे कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले, पुढे ग्रामविकास आणि पंचायत राज्याचे खातेही त्यांनी सांभाळले. आणि एवढ्या व्यापातून वेळ काढून हा गृहस्थ कृष्णधवल फिल्मचे रीळ घेऊन जंगलात हत्तींच्या मागे हिंडत असे. त्यांचे 'सनलाईट अँड शॅडोज' हे पुस्तक १९८३ साली निघाले. नावातच ऊन आणि सावली आहे. रंगांचा मोह टाळून केवळ उजेड आणि अंधार यांच्या बळावर रान उभे करणे हे किती कठीण आहे, ते मला स्वतः प्रयत्न करून पाहिल्यावर कळले. रंगीत चित्रात खंड्याचा निळा रंग अर्धे काम करून देतो. कृष्णधवल चित्रात तो एक राखाडी पक्षी होऊन बसतो, आणि मग त्याचे खंड्यापण तुम्हांला त्याच्या बसण्यात, मानेच्या झोकात, पाण्याकडे लागलेल्या डोळ्यात शोधावे लागते. मंत्रिपदावरच्या माणसाला ही दृष्टी होती, याचे मला आजही नवल वाटते.

आता माझ्या फेरफटक्यांकडे येतो. 'तुम्ही वन्यजीवांची छायाचित्रे काढता, मग बंदीपूरला वरचेवर जात असाल,' असे पुष्कळ जण म्हणतात. बंदीपुरास मी गेलो आहे. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या राखीव वनांपैकी ते एक आहे, आणि कोणीही एकदा तरी पाहावे असेच ते आहे. परंतु तेथील सहल म्हणजे एका गाडीत दहा-बारा माणसे, दहा-बारा कॅमेरे आणि एकच प्रश्न : वाघ कोठे आहे? वाटेत मोर नाचत असला तरी गाडी थांबत नाही. सांबराने कान टवकारले तर सगळे सांबराच्या पलीकडे पाहतात. वाघ दिसलाच तर तीन मिनिटांत दोनशे चित्रे निघतात आणि ती सर्व एकसारखी असतात. वाघाविषयी मला अनादर नाही. परंतु ज्या प्राण्याला आपण वर्षातून तीन मिनिटे भेटतो, त्याच्याशी आपली ओळख झाली असे म्हणणे जरा धाडसाचे होईल. शिवाय कायद्याच्या दृष्टीनेही अभयारण्य ही कोणी केव्हाही शिरण्याची जागा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणकोणत्या कारणांसाठी द्यावा हे सांगितले आहे, आणि त्या कारणांत छायाचित्रणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेव्हा आम्ही तेथे परवान्याने आत सोडलेले पाहुणे, एवढीच आमची पायरी.

म्हणून माझे खरे रान घरापासून अर्ध्या तासाच्या आत आहे. त्याचे नाव अगरा तळे. कन्नडमध्ये तळ्याला 'केरे' म्हणतात. कोरमंगलाच्या दक्षिणेला मोठा रस्ता ओलांडला की हे केरे लागते. पहाटे सहाच्या सुमारास तेथे पोचावे. त्या वेळी पाण्यावर धुके असते आणि धुक्यातून प्रथम आवाज येतात, आकार मागून येतात. टिबुकलीचा खिंकाळल्यासारखा थरथरता आवाज, पाणकोंबड्यांची कुरकुर, दूर कोठे तरी तांबट पक्ष्याची एका लयीत चाललेली ठोकठोक. मग उजाडते, आणि काळ्या शरीराचे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले पक्षी घोळक्याने पाणी कापीत निघतात. या पक्ष्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले त्याला माझा नमस्कार असो. पंढरीची वाट सोडून हे वारकरी परमुलुखातल्या तळ्यावर दिंडी काढतात, आणि मी मराठी माणूस काठावर बसून त्यांना ओळख देतो. तसेच 'हळदी-कुंकू' बदक. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. इंग्रजी नावाला नुसते ठिपके दिसले. आपल्या नावात आख्खा चैत्रगौरीचा समारंभ आहे. कन्नड लोकही कमी नाहीत. खंड्याला ते 'मिंचुळ्ळी' म्हणतात, आणि मिंचु म्हणजे वीज. निळी रेघ पाण्यात शिरून वर येताना पाहिली की हे नाव पटते.

विजेचे चित्र काढायचे, तर त्याची काही गणिते असतात. छोटा खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरताच पडदा उघडावा लागतो. त्याहून अधिक उघडला की पक्षी पुसट होतो. पडदा इतका कमी वेळ उघडायचा तर उजेड भरपूर हवा, आणि भरपूर उजेड येईपर्यंत पहाटेची ती सोनेरी तिरीप निघून जाते. म्हणजे मनासारखा उजेड आणि मनासारखी गती एकाच वेळी क्वचितच मिळतात. लांब पल्ल्याचे भिंग जड असते, हात कापतो. तिकाटणे नेले तर ते उभे करीपर्यंत पक्षी उडतो. यावर उपाय म्हणून मी एक कापडी पिशवी शिवून घेतली आहे आणि तीत दीड किलो तुरीची डाळ भरली आहे. ती कठड्यावर किंवा दगडावर टाकली की भिंग तिच्यात सुखाने रुतून बसते. घरात डाळ संपली आणि पाहुणे आले, अशा एका प्रसंगी या पिशवीचा टाका उसवण्यात आला होता. तेव्हापासून तीत वाटाणे आहेत.

पूर्वी रिळात छत्तीस चित्रे मावत. सदतिसाव्या वेळी पक्षी कितीही नाचला तरी आपण हात बांधून उभे. त्या मर्यादेने माणूस पाहायला शिकत असे, असे जुने लोक सांगतात, आणि त्यांत तथ्य आहे. आता हजारो चित्रे काढता येतात. परंतु मी तरी असे पाहिले आहे, की ज्या सकाळी मी कमी चित्रे काढली त्या सकाळचे मला अधिक आठवते.

वर्षातून एकदा मी थोडे लांब जातो, ते कोक्करे बेळ्ळूरला. बंगळूरहून सुमारे ८० किलोमीटरवर, मंड्या जिल्ह्यातील मद्दूर तालुक्यात हे गाव आहे. कोक्करे म्हणजे करकोचे-बगळे. गावाच्या नावातच पक्षी बसलेला आहे. हिवाळा सरत आला की येथे चित्रबलाक आणि ठिपकेदार चोचीचे झोळीवाले येतात आणि गावातल्या चिंचेच्या, पिंपळाच्या झाडांवर घरटी करतात. गावातल्या म्हणजे अगदी गावातल्या. खाली अंगणात बाई भांडी घासते आहे, पोर अभ्यास करते आहे, बैल रवंथ करतो आहे, आणि डोक्यावर दहा-पंधरा घरट्यांतून पिलांचा गलका चालला आहे. झोळीवाला हा पक्षी उडताना एखाद्या मालवाहू विमानासारखा दिसतो. तो चिंचेच्या फांदीवर उतरतो तेव्हा सगळे झाड एकदा खाली वाकते आणि मग सावरते. वरून मासे पडतात, विष्ठा पडते, कधी पिलूही पडते. मासळीच्या उग्र वासाने शहरी माणूस नाकाला रुमाल लावतो. गावकरी लावत नाहीत. पक्ष्यांची विष्ठा ते खत म्हणून शेतात नेतात, आणि पक्ष्यांमुळे चिंचेच्या पिकाची जी खोटी येते तिची काही भरपाई सरकार देते.

परंतु हिशेबाने सगळे उलगडत नाही. हे पक्षी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी, असे त्या गावात मानतात. हे मी प्रथम एका म्हाताऱ्या बाईकडून ऐकले. मी तिच्या अंगणात उभा राहून वर भिंग रोखीत होतो. माझे कन्नड मोडके आणि तिचे खेड्यातले. तरी 'तवरुमने' हा शब्द मला कळला. तवरुमने म्हणजे माहेर. बाळंतिणीच्या खोलीबाहेर कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या परक्या पुरुषाने जितके अवघडावे, तितका मी त्या शब्दाने अवघडलो. तिने मात्र मला हाकलले नाही. पाणी दिले, आणि उन्हातून सावलीत उभे राहायला सांगितले.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या छंदात अलीकडे एक रोग शिरला आहे आणि त्याबद्दल बोलल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही. शहराबाहेरच्या एका पाणवठ्यावर मी एकदा पाहिले, की पाण्यात काचेची एक पेटी बुडवून ठेवली आहे, तीत लहान मासे सोडले आहेत आणि समोर एक काटकी खोवून ठेवली आहे. खंड्या त्या काटकीवर येऊन बसतो, पेटीतल्या माशावर सूर मारतो, आणि तिन्ही बाजूंनी लपलेले कॅमेरे एकदम किटकिटतात. ज्याने ही योजना केली होती तो जागेचे भाडे घेत होता. चित्रे अप्रतिम येत होती, यात शंका नाही. पाण्याचा थेंब न्‌ थेंब मोजून घ्यावा इतकी स्वच्छ! पण ती चित्रे खंड्याची नव्हती. ती त्या पेटीची होती. पक्ष्याला फुकट मासा मिळतो, त्यात त्याचे काय बिघडले, असा युक्तिवाद तेथे एकाने केला. बिघडते ते असे, की रोज तयार मासा मिळू लागला म्हणजे तो पक्षी माणसाला भिण्याचे सोडतो. आणि पक्ष्याजवळ येणारा प्रत्येक माणूस कॅमेरा घेऊनच येतो असे नाही. घरट्यांच्या बाबतीत तर प्रकरण आणखी गंभीर आहे. चित्र मोकळे यावे म्हणून आडवी आलेली डहाळी तोडणारे मी पाहिले आहेत. ती डहाळी पक्ष्याने विचारपूर्वक निवडलेली असते. ती गेली, की घरट्यावर ऊन येते, आणि उन्हाच्या मागून कावळा येतो. जुन्या पिढीत घरट्याचे चित्र हे छायाचित्रकाराच्या कसबाचे शिखर मानीत. आज कित्येक स्पर्धांत घरट्यावरील पक्ष्यांची चित्रे स्वीकारतच नाहीत. ही बंदी मला रास्त वाटते. एकेका काळाचे म्हणून काही कर्तव्य असते.

आता तळ्यांच्या गोष्टीकडे वळतो. बंगळूरजवळून मोठी नदी वाहत नाही. पठाराच्या उंचावर वसलेल्या या गावाने पावसाचे पाणी अडवून शतकानुशतके तळी बांधली, आणि ती एकेकटी नव्हेत, साखळीने बांधली. वरचे तळे भरले की ओढ्याने पाणी खालच्या तळ्यात जाई, ते भरले की त्याच्या खालच्यात. या ओढ्यांना येथे 'राजकालुवे' म्हणतात. कोरमंगला–चल्लघट्टा खोरे या नावाने आजही या शहराचा एक मोठा उतार ओळखला जातो. अगऱ्याचे पाणी बेळ्ळंदूरला, बेळ्ळंदूरचे वर्तूरला, आणि तेथून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला. ज्या खोऱ्याला कोरमंगलाचे नाव आहे, त्या खोऱ्यात कोरमंगलाचे स्वतःचेही एक तळे होते. १९९७ साली बंगळूरला राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. खेळाडूंच्या निवासासाठी जी उंच घरे बांधण्यात आली ती त्या तळ्याच्या जागेवर उभी राहिली. आज तेथे कुटुंबे राहतात, मुले खेळतात, गच्चीवर घारी बसतात. मी येथे राहायला आलो तेव्हा तळे नव्हतेच, त्यामुळे मला त्याची आठवण असण्याचे कारण नाही. तथापि छायाचित्रकाराच्या हौसेने मी त्याचे एखादे चित्र शोधू लागलो.

किती लोकांना विचारले ते सांगत नाही. जुन्या रहिवाशांकडे चित्रे होती. लग्नाची, बारशाची, गृहप्रवेशाची. तळ्याचे एकही नव्हते. आमच्या गल्लीत बेळगावकडचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. वस्ती नवी होती तेव्हापासूनचे ते रहिवासी. त्यांना मी विचारले, 'काका, तळ्याचा एखादा फोटो आहे का हो तुमच्याकडे?' ते हसले. म्हणाले, 'तळ्याचा फोटो कोण काढतंय हो! तळं काय कुठं पळून जाणार होतं काय?'

दोन-तीन आठवड्यांनी त्यांनीच मला बोलावले. अल्बम चाळताना त्यांना एक चित्र सापडले होते. बरीच वर्षे नाव नोंदवून वाट पाहिल्यावर त्यांना स्कूटर मिळाली होती. त्या नव्या स्कूटरला झेंडूचा हार घातला आहे, पुढे नारळ ठेवला आहे, आणि काकू पदर सावरीत तिच्याजवळ उभ्या आहेत. ज्याने चित्र काढले त्याला पाठीमागच्या गोष्टीशी काही कर्तव्य नव्हते. त्याने स्कूटरवर नेम धरला होता. परंतु काकूंच्या डाव्या खांद्यामागे एक लांबट चकाकता पट्टा आहे. ते पाणी. पाण्याच्या कडेला गवत आहे, आणि गवताच्या पलीकडे पांढरे ठिपके. मी ते चित्र घरी आणून यंत्रावर मोठे करून पाहिले. ठिपके मोजले, ते अकरा भरले. बगळे असतील, चमचे असतील, किंवा धोब्याने वाळत घातलेले धोतरही असेल; कारण मोठे करता करता चित्राचे कण सुटे होतात आणि शेवटी पांढऱ्यात पांढरे मिसळते. त्या तळ्याविषयी माझ्याजवळ आज एवढाच पुरावा आहे : एक स्कूटर, एक नारळ आणि अकरा ठिपके.

त्या दिवसापासून पुष्कळ गोष्टी मी निराळ्या रीतीने करू लागलो. छायाचित्रकार पार्श्वभूमी पुसून टाकण्यासाठी महागडी भिंगे विकत घेतो. पक्षी तेवढा सुस्पष्ट आणि मागे सगळे मलईसारखे मऊ, अशा चित्राला वाहवा मिळते. मलाही ते आवडते. पण वीस वर्षांनी कोणी विचारले, की हा पक्षी कोठे बसला होता, मागे काय होते, पाणी किती होते, तर ते मलईदार चित्र मुके राहील. शास्त्रज्ञांना हवी असते ती पार्श्वभूमी, तारीख आणि ठिकाण. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, तो सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटींच्या आसपास नोंदींवर उभा आहे. त्यांत ९४२ जातींचा विचार केला आहे. हे निरीक्षक म्हणजे कोण? बहुतेक माझ्यासारखीच रविवारची माणसे. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी निवृत्त. एकाची नोंद क्षुल्लक. कोट्यवधी नोंदींतून मात्र कोणता पक्षी उणा होतो आहे ते दिसू लागते.

बेळ्ळंदूरच्या तळ्याचे उदाहरण घ्या. शहराचे सांडपाणी आणि साबणाची द्रव्ये त्यात जाऊन मिळत, आणि पाणी सांडव्यावरून कोसळताना पांढरा फेस उसळत असे. वाऱ्याने तो रस्त्यावर येई. २०१५ च्या मे महिन्यात त्या फेसाला आग लागली. पाण्याला आग लागते, ही गोष्ट नुसती ऐकून कोणी मानली नसती. ती छायाचित्रांमुळे मानावी लागली. २०१७ च्या फेब्रुवारीत पुन्हा आग लागली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने त्या प्रकरणाची दखल घेतली. मीही त्या दिवसांत तेथे गेलो होतो. येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो फेस दिसायला अतिशय सुंदर दिसतो! हिमालयातले बर्फ वाटावे असा. माझी पहिली दहा-बारा चित्रे तशीच आली. ती भिंतीवर टांगता आली असती. मग मी थोडा बाजूला सरकलो. तेथे फेसाच्या कडेने एक शेकाट्या पक्षी आपले लांब गुलाबी पाय एकेक करून उचलीत, झटकीत चालला होता. मांजर ओल्या फरशीवरून चालते तसा. ते चित्र मी घेतले. ते सुंदर नाही, पण तेथे काय चालले होते ते त्यात आहे.

अगऱ्याच्या बाबतीत मात्र सांगायला आनंद वाटतो, की तेथील गाळ काढला गेला, काठ बांधला गेला, आणि आसपासच्या नागरिकांनी त्यात मन घातले. पाणी अजून हवे तितके निर्मळ नाही. तरीही झोळीवाले येतात, पाणकावळे पंख वाळवीत बसतात, आणि ब्राह्मणी घार वरून चक्कर मारून जाते. सकाळी फिरायला येणारी मंडळी मला विचारतात, 'सार, एनु बंदिदे?' म्हणजे आज काय आले आहे? मिळाले काय, असे ते विचारीत नाहीत, हे मला फार आवडते.

आणि आता माझा तेथला एक नेम सांगून पुरे करतो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, पक्ष्यांकडे वळण्यापूर्वी, मी बांधावरच्या एका ठरलेल्या जागी उभा राहतो. लांब पल्ल्याचे भिंग पिशवीतच असते. साधे, रुंद दृष्टीचे भिंग लावून मी सगळ्या तळ्याचे एक चित्र घेतो : पलीकडचा काठ, इमारती, आकाश, मध्ये पाणी. या चित्रात पक्षी दिसलेच तर माशीएवढे दिसतात. कोणत्याही स्पर्धेत त्याला थारा मिळणार नाही, आणि घरच्यांनाही सगळी चित्रे एकच वाटतात. प्रत्येकाच्या मागे मी पेन्सिलने दोन ओळी लिहून ठेवतो. परवाच्या चित्रामागे लिहिले आहे : सकाळ, सहा वाजून पन्नास मिनिटे. धुके विरळ. पाणी काठच्या दगडांना लागलेले. वारकरी अदमासे साठ. हळदी-कुंकू चार जोड्या. झोळीवाले तीन, पैकी एक झोपलेला. पलीकडच्या काठावर नव्या इमारतीचा सहावा मजला चढतो आहे.